गिअरमधले पाणी : प्राध्यापक हेर्मान फ्योटिंगर

इंदूर हे माझे आजोळ. अन्नपूर्णेच्या मंदिरावरून ज्या भागाला अन्नपूर्णा हेच नाव पडले आहे, तेथे माझे मामा राहतात. तीस वर्षे ते पहाटे चारला उठून चोइथराम मंडईत जात आले आणि पिकअप गाडीत भाजी भरून शहरातल्या दुकानांना पोहोचवीत आले. मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो तेव्हा गाडी दारातच उभी होती आणि मामा सकाळच्या वेळी वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. चालावे, बेताने जिना चढावा, पण क्लच दाबू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. गर्दीतून माल पोहोचविताना एका सकाळी क्लच किती वेळा दाबावा लागतो ह्याची मोजदाद मामांनी जन्मात केली नव्हती. आता बसल्या बसल्या ते ती करू लागले होते. मामेभाऊ कमावता आहे, घराला पैशाची अडचण नाही. पण तीस वर्षे ज्याला पहाटे कोठेतरी जायचे असते, त्याला एकाएकी कोठेच जायचे नसले म्हणजे त्याचे काय होते, हे मामीच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते.

क्लच नसलेली गाडी पाहावी, असा विचार निघाला. दोन गाड्या हाताशी होत्या. एक मामेभावाची लहान मोटार आणि दुसरी महूकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची, २०२२ मध्ये भारतात विक्रीस आलेली हायलक्स ही पिकअप. दोन्हींत क्लचचे पेडल नाही, दोन्ही स्वयंचलित म्हणूनच विकल्या जातात. पण दोघींची जात अगदी निराळी. मोटारीत गिअरबॉक्स साधाच आणि क्लचही साधाच. फक्त माणसाच्या पायाचे आणि हाताचे काम एक यंत्र संगणकाच्या हुकमाने करते. पिकअपमध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक बंद डबा आहे. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाट आहे. दोन दिवसांत आम्ही दोन्ही गाड्या तेथे नेल्या. मोटार गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडी, माना पुढे झुकत, मग पुन्हा ओढ बसे. चढावर थांबवून ब्रेक सोडला की वीतभर मागे सरकून मग ती पुढे निघे. मामांचे मत पडले की ही गाडी नवशिक्या चालकासारखी चालते. चुकत नाही, पण विचार करीत बसते. पिकअप मात्र चढावर उभी केली, ब्रेकवरचा पाय काढला आणि जराशी गती दिली, की पाठीवर हात ठेवून कोणी पुढे ढकलावे तशी ती निघाली. गिअर केव्हा बदलले हे कानांनाच कळे, अंगाला नाही. मामांचा डावा पाय मात्र सवयीने रिकाम्या जागी क्लच शोधत राहिला.

माथ्यावर चहा घेताना मामांनी मला दोन प्रश्न केले. इंजिन आणि चाके ह्यांच्या मध्ये नुसते तेल असेल तर गाडी ओढली कशी जाते, हा पहिला. आणि असली वेडीवाकडी कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली, हा दुसरा. इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मला पहिल्याचे उत्तर देता आले, दुसऱ्याचे आले नाही. ती चुटपुट मनात घेऊनच मी परत आलो. हा लेख म्हणजे मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उशिरा दिलेले उत्तर आहे.

हेर्मान फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. घड्याळे आणि खेळणी बनविणाऱ्या कारागिरांचे हे जुने गाव. १८९५ ते १८९९ ह्या काळात त्यांनी म्यूनिखच्या तंत्रविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला. तो विजेच्या उमेदीचा काळ होता आणि हुशार मुलाने वीज शिकावी हे ओघानेच आले. पण १८९९ मध्ये पदवी घेऊन ते नोकरीस लागले ते जहाजे बांधणाऱ्या व्हल्कन कंपनीत, बाल्टिक समुद्राजवळच्या श्टेटीन शहरी. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव श्चेचिन आहे.

व्हल्कनचे नाव त्या वेळी मोठे होते. ह्याच गोदीत बांधलेल्या काइझर विल्हेल्म डेर ग्रोसे ह्या जहाजाने १८९७ मध्ये समुद्रात उतरून अटलांटिक ओलांडण्याच्या वेगाचा मान जर्मनीकडे आणला होता. पण त्याच १८९७ मध्ये इंग्लंडात आणखी एक घटना घडली. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षी आरमाराची पाहणी चालू असताना चार्ल्स पार्सन्स यांची टर्बिनिया नावाची चिमुकली नौका युद्धनौकांच्या रांगांतून भरधाव निघून गेली आणि पाठलाग करणाऱ्या नौकांना ती सापडली नाही. तिच्यात दट्ट्यांचे इंजिन नव्हते, वाफेचे टर्बाइन होते. पुढचा काळ टर्बाइनचा आहे, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसले.

मात्र टर्बाइनबरोबर एक दुखणेही आले. टर्बाइन जितके जोरात फिरेल तितके चांगले. जहाजाचा पंखा जितका सावकाश फिरेल तितका चांगला. पंखा फार वेगाने फिरविला तर त्याच्या पात्यांमागे पाण्यात पोकळ्या होतात आणि तो पाणी ढकलण्याऐवजी नुसता घुसळत बसतो. पार्सन्स यांनाही टर्बिनियात हाच अनुभव आला होता आणि शेवटी तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवावे लागले होते. टर्बाइन आणि पंखा एकाच दांड्यावर बसविले तर दोघांनाही आपापली चाल सोडावी लागे. बैल आणि घोडा एका जुवाला जुंपल्यासारखे ते होते. मध्ये दातेरी चाके घालावीत, तर हजारो अश्वशक्ती पेलतील इतके अचूक दाते कापणे त्या काळी कोणालाच जमलेले नव्हते.

फ्योटिंगर यांनी ह्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी काय केले, हे मला विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यांनी आधी मोजायला घेतले. जहाजाचा दांडा फिरताना शक्तीच्या भाराने किंचित पिळला जातो. तो पीळ इतका सूक्ष्म असतो की डोळ्यांना दिसत नाही. तो मोजणारे एक उपकरण त्यांनी बनविले आणि फिरत्या दांड्यातून पंख्याला प्रत्यक्षात किती शक्ती पोहोचते हे काढून दाखविले. १९०४ मध्ये ह्याच विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. कोठे किती हरवते हे ज्याने मोजले आहे, त्यालाच हरवणे कमी करण्याची युक्ती सुचते. नंतरचा शोध ह्या मोजमापातून उगवला, असे मला वाटते.

युक्ती शोधताना ते आधी आपल्या मूळ विद्येकडे, म्हणजे विजेकडे वळले. टर्बाइनने जनित्र फिरवावे, वीज तारांतून न्यावी, त्या विजेवर मोटार चालवावी आणि मोटारीने पंखा सावकाश फिरवावा. हे जमण्यासारखे होते; पण इतकी जड यंत्रे जहाजात घातली तर मालाला जागा कोठे उरणार? तेव्हा त्यांनी विजेच्या जागी पाणी घातले. जनित्राच्या जागी पंप, तारांच्या जागी नळ आणि मोटारीच्या जागी पाण्याचे टर्बाइन. पण पंप शंभरातले ८५ देतो आणि टर्बाइनही ८५ देते असे धरले, तरी हाती ७२ उरतात. वर नळांतले नुकसान वेगळे. मग त्यांनी त्या नुकसानीची फोड केली. बरेचसे नुकसान पंपाच्या बाहेरच्या कवचात, वळणाच्या नळांत आणि टर्बाइनच्या तोंडाशी होत होते. फिरत्या चाकांत होत होते ते थोडे. म्हणून त्यांनी कवच काढले, नळ काढले आणि पंपाचे चाक व टर्बाइनचे चाक समोरासमोर आणून एकाच डब्यात बसविले. एका चाकाने फेकलेले पाणी थेट दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर जावे आणि तेथून फिरून पहिल्याकडे यावे, असा तो बंद फेरा होता.

आपल्याकडे विहिरीवरचा किर्लोस्करांचा पंप कोणी पाहिला नाही असे नाही. त्याच्या आतला फिरता पंखा डोळ्यांसमोर आणावा आणि त्याच्यासमोर तसाच दुसरा पंखा तोंडाला तोंड लावून बसवावा. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. घरी हे पाहायचे असेल तर टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकच चालू करावा. दुसरा आपोआप फिरू लागतो. हवेच्या जागी पाणी किंवा तेल आणि उघड्या खोलीच्या जागी घट्ट बंद डबा असला, की त्याच खेळातून जहाज हलविता येते.

पण एवढ्याने फक्त फिरणे पुढे जाते. जोर वाढत नाही. गिअर जसा वेग कमी करून पीळ वाढवितो, तसे करायचे तर आणखी एक वस्तू हवी. फ्योटिंगर यांनी दोन चाकांच्या वाटेवर तिसरे, स्थिर पात्यांचे चाक ठेवले. दुसऱ्या चाकातून बाहेर पडलेले पाणी त्या पात्यांवर आपटून वळते आणि वळताना जो टेकू मिळतो, त्याच्या बळावर दुसऱ्या चाकाला इंजिनापेक्षा जास्त पीळ मिळतो. भिंतीला पाय टेकून लोटले की गाडा सहज हलतो, त्यातला हा प्रकार आहे. मामांची पिकअप घाटात मागे न सरकता निघाली, ती ह्या तिसऱ्या चाकाच्या टेकूवर. २४ जून १९०५ ह्या तारखेने फ्योटिंगर यांना ह्या यंत्राचे जर्मन पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक २२१४२२. त्या वेळी त्यांचे वय २८ होते.

व्हल्कनने हे यंत्र घालून एक लहान प्रयोगनौका बांधली आणि तिला शोधकाचेच नाव दिले. नौकेने गोदीतल्या जुन्या माणसांना चकित केले. वाफेचे टर्बाइन उलटे फिरत नाही. त्यामुळे जहाज मागे घेण्यासाठी वेगळे टर्बाइन ठेवावे लागे. येथे डब्यात दोन फेरे होते, एक पुढे जाण्याचा आणि एक मागे येण्याचा. एकातले पाणी सोडून दुसऱ्यात भरले, की टर्बाइन आपल्या दिशेने फिरत असतानाच जहाज उलटे चालू लागे. दाते नाहीत, खडखडाट नाही, झिजण्यासारखे काही नाही. १९०९ मध्ये फ्योटिंगर डान्झिगच्या, म्हणजे आजच्या ग्दान्स्कच्या, नव्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये क्योनिगिन लुईझे हे प्रवासी जहाज त्यांचे यंत्र घेऊन हेल्गोलांड बेटाच्या सफरी करू लागले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे स्वप्न समुद्रावर चालत होते.

ते एकच वर्ष चालले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. सहलीच्या जहाजावर घाईघाईने सुरुंग चढविण्यात आले आणि ते इंग्लंडच्या किनाऱ्याकडे रवाना झाले. ५ ऑगस्ट रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश नौकांनी ते बुडविले. जर्मन आरमाराचे त्या युद्धात बुडालेले ते पहिले जहाज. त्याने पेरलेल्या सुरुंगांनी ६ ऑगस्टला ॲम्फियन ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली आणि तिच्यावर वाचवून घेतलेले जर्मन खलाशीही तिच्याबरोबर गेले. मुलांना समुद्र दाखविण्यासाठी बांधलेल्या जहाजाचा हा शेवट.

तथापि फ्योटिंगर यांच्या यंत्राचा समुद्रावरचा पराभव तोफांनी केला नाही. तो दात्यांनी केला. पार्सन्स यांनी व्हेस्पेशियन नावाचे एक जुने मालवाहू जहाज विकत घेऊन १९१० च्या सुमारास त्यात टर्बाइन आणि दातेरी चाके बसविली होती. दाते अचूक कापण्याची कला ह्या काळात झपाट्याने सुधारली. फ्योटिंगर यांचे यंत्र शंभरातले नव्वदीच्या आसपास देई. चांगली दातेरी चाके अठ्ठ्याण्णव देत. आठ टक्के म्हणजे फार नव्हे असे वर्गात वाटते. पण समुद्र ओलांडताना शंभर टन कोळशातला आठ टन कोळसा पाणी कोमट करण्यात जातो म्हटल्यावर जहाजाचा मालक दुसरा विचार करीत नाही. हळूहळू एकेका गोदीने दातेरी चाके पत्करली. ज्या कामासाठी यंत्र जन्मले, त्याच कामातून ते बाहेर पडले.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. तो जगाशी भांडत बसतो किंवा कामाला लागतो. फ्योटिंगर कामाला लागले. आपल्या यंत्रात नेमके काय हरवते, ह्याचा त्यांनी मुळापासून अभ्यास आरंभिला. पाण्यातले भोवरे, पात्यांमागच्या पोकळ्या, जहाजाच्या पंख्याचे गणित हे त्यांचे विषय झाले. १९२४ मध्ये त्यांना बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यालयात बोलावणे आले आणि तेथे प्रवाहविज्ञान व टर्बाइनयंत्रे ह्या विषयाची गादी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. शोधक म्हणून हरलेला माणूस शिक्षक म्हणून ठाम उभा राहिला. आम्हा मास्तरांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटते ती ह्यामुळे.

इकडे यंत्राने स्वतःच आपली वाट शोधली. समुद्रावर दोष ठरलेला एक गुण जमिनीवर कामी आला. समुद्रावरचे जहाज एकदा निघाले की दिवसेंदिवस एकाच गतीने चालते. तेथे शेकडा दोनाचा हिशेबही महत्त्वाचा. शहरातली बस मिनिटामिनिटाला थांबते आणि निघते; तेथे महत्त्वाचा तो धक्का. १९२०च्या दशकात लंडनच्या बसमध्ये बसणारा हॅरोल्ड सिंक्लेअर नावाचा अभियंता त्या धक्क्यांना कंटाळला होता. त्याने फ्योटिंगर यांची दोन चाकांची जोडणी जर्मनीत पाहिली आणि ती रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९३० मध्ये डेमलर कंपनीने ती आपल्या मोटारींत घातली. ह्याच सुमारास कार्ल्सरूहच्या अभियंत्यांनी तिसऱ्या चाकाला एकाच दिशेने फिरू देणारी खीळ बसविली. गाडी निघताना ते स्थिर राहून टेकू देते. वेग आला की प्रवाहाबरोबर मोकळे फिरू लागते आणि अडथळा करीत नाही. आज गाड्यांत जो टॉर्क कन्व्हर्टर असतो त्याचा सांगाडा असा पुरा झाला.

अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी फ्योटिंगर यांची जोडणी आणि चार गतींचा ग्रहमालेसारखा गिअरसंच ह्यांचे लग्न लावले. हायड्रामॅटिक नावाचा हा गिअर १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल मोटारीत मिळू लागला. ग्राहकांनी तो सुखासाठी घेतला. सैन्याने तो टिकाऊपणासाठी घेतला. १९४२ पासून अमेरिकेच्या एम-५ ह्या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक गिअर बसू लागले. शेतावरून भरती झालेल्या पोराला क्लच न शिकविता रणगाडा चालविता येऊ लागला. जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या त्या रणगाड्यांच्या पोटात एका जर्मन प्राध्यापकाचे यंत्र फिरत होते.

तो प्राध्यापक त्या वेळी बर्लिनमध्येच होता. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने शहराला वेढा घातला आणि रस्त्यारस्त्यांवर तोफगोळे पडू लागले. २८ एप्रिल रोजी गोळ्याचा एक तुकडा लागून फ्योटिंगर मरण पावले. वय ६८. त्यानंतर चारच दिवसांनी, २ मे रोजी, बर्लिन शरण गेले. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या फटक्यात त्यांचे जहाज गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या फटक्यांत ते स्वतः गेले. बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातील प्रवाहविज्ञानाच्या संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले आणि जर्मन भाषेत टॉर्क कन्व्हर्टरला फ्योटिंगरचा कन्व्हर्टर असेही म्हणतात. पण गाडी घेणाऱ्याला त्या नावाशी काय कर्तव्य?

मरणानंतरचा त्यांचा प्रवास मोठा आहे. १९४८ मध्ये ब्यूइक मोटारीत पुरा टॉर्क कन्व्हर्टर आला. मालवाहू गाड्यांनाही हे सुख मिळाले. १९५३ मध्ये फोर्डच्या आणि १९५४ मध्ये शेव्हरोले व जीएमसीच्या पिकअप स्वयंचलित गिअरसह मिळू लागल्या. भारतात मनमोहन सुरी ह्या अभियंत्याने टॉर्क कन्व्हर्टरवर आधारलेले आपले स्वतंत्र ट्रान्समिशन रचले आणि चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या डिझेल शंटिंग इंजिनांत ते बसले. यार्डात डबे ढकलणे म्हणजे दिवसभर निघणे आणि थांबणे. फ्योटिंगर यांच्या यंत्राचे खरे घर ते हेच.

आता मामांच्या मूळ शंकेकडे वळतो. टिकाऊ कोणता आणि चालीला चांगला कोणता? हायलक्सच्या बाबतीत एक आकडा बोलका आहे. तिचे इंजिन एकच. पण हाताच्या गिअरबरोबर कंपनी त्या इंजिनाचा पीळ ४२० न्यूटन-मीटर ठेवते आणि स्वयंचलित गिअरबरोबर ५०० पर्यंत जाऊ देते. तेलाची गादी मध्ये असल्यावर धक्का दात्यांपर्यंत पोहोचत नाही आणि आडदांड पायाने क्लच सोडण्याची भीतीही नाही, म्हणून ही मोकळीक, असा मी त्याचा अर्थ लावतो. टॉर्क कन्व्हर्टरचा शत्रू झीज नव्हे, उष्णता आहे. समुद्रावर जी शक्ती पाणी कोमट करण्यात जाई, ती येथे तेल तापविण्यात जाते. फार ओझे, लांब चढ आणि जुने तेल ही तिन्ही एकत्र आली की गिअरच्या आतल्या चकत्या जळू लागतात. म्हणून तेल थंड करण्याची जाळी आणि ठरल्या अंतरावर तेल बदलणे ह्यांवर त्याचे आयुष्य अवलंबून असते. इंधनाची गळती थांबविण्यासाठी १९४९ च्या पॅकार्ड मोटारीपासून आणखी एक उपाय चालत आला आहे : वेग स्थिर झाला की दोन्ही चाके एका चकतीने घट्ट जोडून टाकायची. म्हणजे निघताना फ्योटिंगर, धावताना सरळ पोलाद.

मामेभावाच्या मोटारीतल्या गिअरचे गणित उलटे आहे. तो स्वस्त, इंधन हाताच्या गिअरइतकेच खाणारा आणि बराचसा भाग कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही ओळखीचा. पण त्यात क्लचची चकती आहे, ती गर्दीत रखडताना झिजते आणि पाय माणसाचा असो की यंत्राचा, झीज चुकत नाही. मोकळ्या रस्त्याला तो पुरेसा आहे. भाजीने भरलेली गाडी घेऊन दुकानादुकानापाशी थांबणाऱ्याने मात्र टॉर्क कन्व्हर्टरच घ्यावा, असे मी बेळगावहून मामांना सविस्तर पत्र लिहून कळविले. पत्रात फ्योटिंगर यांची हकीकतही घातली.

मामांचे उत्तर फोनवर आले. त्यांनी आधी हकीकतीबद्दल बरेच विचारले, विशेषतः बुडालेल्या जहाजाबद्दल. मग हळूच सांगितले की हायलक्सची किंमत भाजीच्या धंद्याला झेपणारी नाही, म्हणून त्यांनी विजेवर चालणारी लहान मालगाडी घेतली आहे. तिला क्लच नाही, आणि गिअर बदलण्याची भानगडच नाही. विजेची मोटार उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. मध्ये एकच कायमचा गिअर असला म्हणजे पुरते. मंडई आणि शहर एवढीच धाव असल्यामुळे रात्री चार्ज केलेली गाडी दुपारपर्यंत पुरते.

फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ खिन्न होऊन बसलो. इतक्या लांबून फ्योटिंगर यांना अन्नपूर्णेपर्यंत आणले आणि ऐनवेळी ते पुन्हा हरले. पण मग लक्षात आले की १९०५ पूर्वी त्यांनी कागदावर पहिली जी योजना मांडली होती, ती हीच होती. वीज साठविण्याची आणि हलकी मोटार बनविण्याची कला त्या वेळी नव्हती, म्हणून त्यांनी विजेच्या जागी पाणी घातले. शंभरांहून अधिक वर्षांनी विजेने आपली जागा परत मागितली आहे. आपल्या हयातीत आणि आपल्या साधनांनी जे करता येईल ते त्या माणसाने पुरेपूर केले. जिंकणे-हरणे काळावर सोपविले. ह्याहून अधिक कोणत्या प्राध्यापकाला जमते?

मामा आता पुन्हा पहाटे चारला उठतात. मामी सांगत होती, रिकाम्या जागी क्लच शोधण्याची डाव्या पायाची खोड अजून गेलेली नाही.